देहभार, वारा आणि पतंगाचे क्षेत्रफळ : काइटसर्फिंगमधील आकारनिश्चितीचा ऐतिहासिक अभ्यास (१८२४–२०२४)

सारांश

मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायाखालील फळीच्या आधाराने पाण्यावरून वेगाने सरकण्याच्या क्रीडाप्रकारास काइटसर्फिंग असे म्हणतात. या खेळात पतंग किती चौरस मीटरचा घ्यावा, हे वाऱ्याच्या वेगाबरोबरच खेळाडूच्या वजनावरून ठरविले जाते. ही रीत कशी घडत गेली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. एकोणिसाव्या शतकातील माणूस उचलणारे पतंग, राइट बंधूंचे क्षेत्रफळाचे गणित, १९७७ ते १९९८ या काळातील काइटसर्फिंगचा उदय, २००५ मधील रचनाबदल आणि २०२४ चे ऑलिंपिक हे या आढाव्याचे टप्पे होत. मानवी देह हा पतंगाने वाहावयाचे ओझे न राहता पतंगाच्या ओढीस तोलणारा प्रतिभार झाला, तेव्हाच वजन हे आकारनिश्चितीचे मुख्य माप बनले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पतंग, काइटसर्फिंग, देहभार, क्षेत्रफळ, वाऱ्याचा दाब, ठोकताळा, प्रतिभार

१. प्रस्तावना

मकरसंक्रांतीच्या सुमारास घराच्या गच्चीवरून उडविल्या जाणाऱ्या पतंगाचा आकार निवडताना उडविणाऱ्याचे वजन किती, असा प्रश्न कोणीही विचारीत नाही. दहा वर्षांचा मुलगा आणि त्याचे आजोबा एकच पतंग उडवू शकतात, कारण कागदी पतंगाची ओढ मनुष्याच्या वजनापुढे नगण्य असते. पतंगाचे क्षेत्रफळ काही चौरस मीटरपर्यंत वाढले की ही स्थिती पालटते. दोरीच्या एका टोकास पतंग आणि दुसऱ्या टोकास मानवी देह अशा दोन तुल्यबळ गोष्टी येतात. त्यांच्यातील तोल बिघडल्यास वाऱ्यावर पतंग राहत नाही किंवा जमिनीवर माणूस राहत नाही.

काइटसर्फिंगमध्ये हा तोल प्रत्येक वेळी नव्याने साधावा लागतो. ५५ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीला सुखाने खेळविणारा पतंग ९० किलोग्रॅमच्या व्यक्तीला पाण्यातून वर काढू शकत नाही. उलट, वजनदार व्यक्तीस योग्य असा पतंग त्याच वाऱ्यात हलक्या व्यक्तीला किनाऱ्यावरून उचलून फेकू शकतो. म्हणून पतंगावर छापलेला ९, १२ किंवा १५ हा आकडा केवळ कापडाचे माप नाही. कोणत्या देहाने, कोणत्या वाऱ्यात हा पतंग हाती धरावा, याविषयीचा निर्णय त्यात अनुस्यूत आहे. पतंगाच्या तांत्रिक इतिहासात रचना, साहित्य आणि विक्रम यांचा विचार विपुल आढळतो. वापरणाऱ्याच्या देहाच्या मापाचा विचार मात्र त्या मानाने कमी झालेला दिसतो.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) पतंगाचे क्षेत्रफळ व मानवी देहभार यांच्या संबंधाचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे.
(२) काइटसर्फिंगमध्ये रूढ असलेल्या ठोकताळ्याची पदार्थविज्ञानाच्या आधारे चिकित्सा करणे.
(३) या ठोकताळ्यात गृहीत धरलेल्या ‘प्रमाण देहा’चे स्वरूप तपासणे.

या विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. ओझे म्हणून देह : पोकॉक ते कोडी

पतंगाच्या ओढीचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्या आरंभीच्या प्रयोगकर्त्यांत इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शाळामास्तर जॉर्ज पोकॉक याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १८२४ च्या सुमारास त्याने आपली कन्या मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाच्या साहाय्याने उंच उचलले. हीच मार्था पुढे विख्यात क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची माता झाली. १८२६ मध्ये पोकॉकने पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व घेतले आणि १८२७ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी रस्त्यावरील जकात घोड्यांच्या संख्येवरून आकारली जात असे. पोकॉकच्या गाडीस घोडाच नसल्याने तिला जकात लागू होत नसे.

या दोन प्रयोगांत देहाची भूमिका एकमेकींच्या विरुद्ध आहे. खुर्चीतील मार्था हे पतंगाने पेलावयाचे ओझे होते. ते जितके हलके तितके प्रयोगास अनुकूल होते. गाडीतील प्रवाशांचे वजन मात्र गाडीला जमिनीवर टेकवून ठेवीत होते, म्हणजे ओढीला विरोध करीत होते. पोकॉकचे पतंग चार दोऱ्यांनी नियंत्रित केले जात, ही बाबही लक्षणीय आहे, कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस काइटसर्फिंगमध्ये चार दोऱ्यांची रचनाच स्थिरावली.

पुढील पाऊणशे वर्षे प्रयोगकर्त्यांचे लक्ष मुख्यतः उचलण्याकडे राहिले. ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १२ नोव्हेंबर १८९४ रोजी न्यू साउथ वेल्समधील स्टॅनवेल पार्क येथील समुद्रकिनाऱ्यावर चार पेटी-पतंगांच्या मालिकेने स्वतःस १६ फूट उंच उचलून घेतले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी २१ मैल होता. या प्रयोगाचे महत्त्व उंचीत नसून मोजमापात आहे. हारग्रेव्ह यांनी वाऱ्याचा वेग व दोरीचा कोन मोजण्याची उपकरणे सोबत घेतली होती आणि दोरीवरील ताण मोजण्यासाठी तिच्या टोकाशी स्प्रिंगचा काटा जोडला होता. वारा, ओढ, क्षेत्रफळ आणि देहभार ही चारही अंगे एका प्रयोगात मोजमापाच्या कक्षेत आली.

सॅम्युएल फ्रँकलिन कोडी याने ही पद्धत व्यवहारात उतरविली. त्याच्या रचनेत एका दोरीवर अनेक उचल-पतंग चढविले जात आणि शेवटी माणसाला वाहणारा पतंग सोडला जाई. वारा मंद असल्यास उचल-पतंगांची संख्या वाढविली जाई, जोरदार असल्यास कमी केली जाई. १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून त्याने इंग्लिश खाडी पार केली. वाऱ्यानुसार क्षेत्रफळ बदलण्याचे तत्त्व येथे सुस्पष्ट आहे. बदल पतंगांच्या संख्येत होतो, एकाच पतंगाच्या आकारात नव्हे, एवढाच आजच्या रीतीशी फरक. देह मात्र अद्यापि ओझेच होता.

४. क्षेत्रफळाचे गणित : स्मीटन ते राइट बंधू

एखाद्या वजनासाठी किती क्षेत्रफळ लागेल, हे आधी गणिताने सांगता येईल काय, हा प्रश्न उड्डाणविद्येच्या इतिहासात मध्यवर्ती ठरला. ब्रिटिश अभियंता जॉन स्मीटन याच्या १७५९ च्या पवनचक्कीविषयक लेखातील कोष्टकातून वाऱ्याच्या दाबाचा एक गुणक रूढ झाला. दर चौरस फुटास पौंडांमध्ये मिळणारा दाब म्हणजे ताशी मैलांतील वेगाच्या वर्गाची ०.००५ पट, असा त्याचा आशय होता.

राइट बंधूंनी १९०० मध्ये किटी हॉक येथे नेलेले ग्लायडर सुमारे १६५ चौरस फुटांचे होते. हवे तेवढे लांब लाकूड न मिळाल्याने ते ठरविल्यापेक्षा लहान करावे लागले. तेथील वाऱ्यात माणसाचे वजन पेलण्यास ते अपुरे पडले आणि बहुतांश वेळ दोरीला बांधून पतंगाप्रमाणे उडवावे लागले. १९०१ मध्ये क्षेत्रफळ २९० चौरस फुटांपर्यंत वाढवूनही अपेक्षित उचल मिळाली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस केलेल्या वातबोगद्यातील प्रयोगांबरोबर प्रत्यक्ष उड्डाणांच्या नोंदी ताडून पाहता रूढ गुणक बराच मोठा असून खरी किंमत ०.००३३ च्या जवळपास आहे, असे त्यांना दिसून आले.

म्हणजे सुमारे दीडशे वर्षे प्रमाण मानला गेलेला आकडा प्रत्यक्ष देह वाऱ्यावर तोलण्याची वेळ आली तेव्हा चुकीचा ठरला. वेगाच्या वर्गाचे तत्त्व मात्र अबाधित राहिले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. १२ नॉटचा वारा १७ नॉट झाला, तरी दाब दुप्पट होतो. पुढे काइटसर्फिंगमधील अनेक अपघातांच्या मुळाशी हेच साधे गणित असल्याचे दिसते.

५. ओझ्याकडून प्रतिभाराकडे : १९७७ ते १९९८

विमानाच्या यशानंतर माणूस उचलणाऱ्या पतंगांचे महत्त्व ओसरले. पतंगाचे पुनरुज्जीवन झाले ते लवचीक पंखांच्या संशोधनातून. फ्रान्सिस व गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्यास १९५१ मध्ये लवचीक पतंगाचे एकस्व मिळाले. डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात हवेने फुगणाऱ्या कप्प्यांचा कापडी पंख सिद्ध केला. १९७७ मध्ये नेदरलँड्समधील गिजबेर्टस आद्रियानस पानहाउझे यांनी फळीवर उभे राहून पॅराशूटसदृश पतंगाने ओढले जाण्याच्या जलक्रीडेचे एकस्व मिळविले.

पाण्यावरील पतंगाची मुख्य अडचण आकाराची नव्हती. एकदा पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उडविता येत नसे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील ब्रुनो व दॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळ्यांचा सांगाडा असलेल्या पतंगाच्या एकस्वासाठी अर्ज केला. हा पतंग पाण्यावर तरंगे व पुन्हा वर चढविता येई. अमेरिकेत बोइंग कंपनीतील वायुगतिकीतज्ज्ञ बिल रोसलर व त्यांचे पुत्र कोरी यांनी पाण्यावरील स्कीला पतंग जोडून तयार केलेली रचना १९९४ पासून विक्रीस आली. पडलेला पतंग दोर गुंडाळून पुन्हा उडविण्याची सोय तीत होती. १९९६ मध्ये लेअर्ड हॅमिल्टन व मनू बर्टिन यांनी हवाईतील माउई बेटाच्या किनाऱ्यावर या खेळाची प्रात्यक्षिके केली. १९९७ पासून लेगेन्यू बंधूंचे पतंग बाजारात आले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये माउई येथेच पहिली स्पर्धा झाली.

या वीस वर्षांत देहाचे स्थान मूलतः बदलले. काइटसर्फिंग करणारा माणूस पतंगाला लोंबकळत नाही. तो कमरेच्या पट्ट्यातून ओढ स्वीकारतो, शरीर वाऱ्याकडे मागे झुकवितो आणि फळीची कड पाण्यात रुतवून त्या ओढीला विरोध करतो. रस्सीखेचीत मागे रेलणाऱ्या गड्याप्रमाणे त्याचे वजन येथे उपयोगी पडते. वजन अधिक असल्यास फळीची कड अधिक जोराने दाबता येते व मोठी ओढ पेलता येते. त्याच वेळी तेवढे वजन पाण्यातून वर काढून फळीवर सरकते ठेवण्यास ओढही अधिक लागते. एकाच देहभाराने पतंगाची किमान गरज आणि कमाल मर्यादा अशी दोन्ही टोके निश्चित होऊ लागली. पोकॉकच्या खुर्चीतील ओझे आणि त्याच्या गाडीतील प्रतिभार या दोन्ही भूमिका आता एका देहात एकवटल्या.

६. ठोकताळ्याचे गणित

या परिस्थितीतून खेळाडूंमध्ये एक सोपा ठोकताळा रूढ झाला. वजन पौंडांत घ्यावे, त्याला नॉटमधील वाऱ्याच्या वेगाने भागावे, म्हणजे पतंगाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळते. किलोग्रॅममधील वजनास आधी २.२ ने गुणावे लागते. त्यानुसार १५ नॉट वाऱ्यात ६० किलोग्रॅमच्या खेळाडूस सुमारे ८.८, ७५ किलोग्रॅमच्या खेळाडूस ११ आणि ९० किलोग्रॅमच्या खेळाडूस १३.२ चौरस मीटरचा पतंग लागेल. वारा २५ नॉट झाल्यास हेच आकडे अनुक्रमे ५.३, ६.६ आणि ७.९ होतात.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे सूत्र सदोष दिसते. पौंडाला नॉटने भागून चौरस मीटर मिळण्यास कोणताही तात्त्विक आधार नाही. निरनिराळ्या मापनपद्धतींतील एकके योगायोगाने जुळली, एवढाच त्याचा अर्थ होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दाब वेगाच्या वर्गानुसार वाढतो. त्यामुळे ७५ किलोग्रॅमच्या व्यक्तीस १५ नॉटमध्ये ११ चौरस मीटर लागत असतील, तर २५ नॉटमध्ये सुमारे ४ चौरस मीटर पुरावयास हवेत. ठोकताळा मात्र ६.६ सांगतो आणि अनुभव त्याच्याच बाजूने असल्याचे आढळते.

या विसंगतीचे उत्तर पतंगाच्या गतीत आहे. १५ नॉट वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३.६ किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणून ११ चौरस मीटरचा पतंग आकाशात स्थिर राहिल्यास त्याची ओढ ७५ किलोग्रॅमच्या देहाच्या निम्म्याच्या आसपासच राहील. तो वाऱ्याला आडवा वेगाने फिरविला की त्याला जाणवणारा वारा मूळ वाऱ्याहून कितीतरी अधिक होतो. असा वारा दुप्पट झाल्यास ओढ चौपट होते. वाऱ्यास आडव्या फिरणाऱ्या पतंगापासून मिळणाऱ्या शक्तीचे गणित माइल्स लॉइड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा उद्देश पतंगापासून वीज मिळविण्याचा होता, तथापि तत्त्व तेच आहे. मंद वाऱ्यात खेळाडू पतंग सतत फिरवीत राहतो. त्यामुळे वर्गाच्या नियमाने येणाऱ्या प्रचंड आकाराची त्यास गरज भासत नाही, शिवाय फार मोठा पतंग मंदगतीने वळतो. जोरदार वाऱ्यात तो पतंग एका जागी ठेवतो, त्याचा कोन बदलून जोर कमी करतो आणि फळीच्या कडेने अधिक विरोध करतो. अशा रीतीने दोन्ही टोकांना मानवी कौशल्य वर्गाच्या नियमाची तीव्रता बोथट करते.

येथेच या ठोकताळ्याची मर्यादाही उघड होते. त्यात खेळाडूचे कौशल्य गृहीत आहे. नवशिक्यापाशी पतंग फिरविण्याचे अथवा त्याचा जोर आवरण्याचे कसब नसते. म्हणून प्रशिक्षक त्यास सूत्राने येणाऱ्या आकाराहून लहान पतंग देतात. फळीचा प्रकारही परिणाम करतो. पाण्याखालील पंखावर उचलल्या जाणाऱ्या फॉइल फळीस पाण्याचा विरोध अल्प असल्याने त्याच देहभारास लहान पतंग पुरतो.

७. आकाराकडून नियंत्रणाकडे : २००५ नंतर

आरंभीच्या इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वाकलेल्या पतंगांचा जोर उडत असताना फारसा कमी करता येत नसे. त्यामुळे किनाऱ्यावर निघताना केलेली आकाराची निवड हाच सुरक्षिततेचा मुख्य निर्णय होता. १५ नॉटसाठी निवडलेल्या पतंगावर २१ नॉटचा झोत आला, तर ओढ जवळजवळ दुप्पट होई. ओढीचा ऊर्ध्व भाग देहभाराहून अधिक झाला की माणूस उचलला जाई. पाण्यावर त्याचा शेवट बहुधा बुडी घेण्यात होई, परंतु किनाऱ्यावर खडक, भिंत किंवा झाड आड आल्यास तो जिवावर बेते. या खेळाच्या पहिल्या दशकात असे प्राणघातक अपघात घडले. हलक्या वजनाच्या खेळाडूस चुकीची सवलत त्यात सर्वांत कमी होती.

२००५ मध्ये ब्रुनो लेगेन्यू यांच्या धनुष्याकृती रचनेचे पतंग बाजारात आले. मागची कड अंतर्वक्र आणि पुढच्या कडेस दोऱ्यांचा आधार असल्याने हातातील दांडा दूर सारताच पतंगाचा जोर जवळजवळ नाहीसा करता येऊ लागला. एकाच पतंगावर वाऱ्याचा पूर्वीपेक्षा बराच विस्तृत पल्ला हाताळता येऊ लागला आणि तातडीने पतंग सोडून देण्याच्या यंत्रणाही सुधारल्या. आकाराच्या निवडीतील चूक पूर्वीइतकी घातक राहिली नाही.

या बदलाने क्षेत्रफळाच्या आकड्याचा अर्थही बदलला. पतंगावर छापलेले क्षेत्रफळ हे सामान्यतः कापड सपाट पसरल्यावरचे असते. वाऱ्यावर कामी येते ते पतंगाच्या छायेइतके क्षेत्रफळ. जुन्या, खोल वाकलेल्या पतंगात ते छापील आकड्याहून पुष्कळ कमी असे, तर चपट्या धनुष्याकृती पतंगात त्या मानाने जास्त भरते. म्हणून जुना १२ आणि नवा १२ हे समान नव्हेत. जुन्या पतंगावरून वजनाचा हिशेब शिकलेल्या खेळाडूस नव्या पतंगासाठी तो पुन्हा मांडावा लागला.

८. प्रमाण देह कोणाचा?

पतंगाबरोबर मिळणाऱ्या वाऱ्याच्या कोष्टकात बहुधा ७५ किलोग्रॅमच्या आसपासच्या वजनाचा खेळाडू गृहीत धरलेला असतो. हा सरासरी पाश्चात्त्य प्रौढ पुरुषाच्या जवळचा देह होय. स्त्रिया, किशोरवयीन मुले आणि एकूणच लहान चणीच्या व्यक्ती यांना कोष्टकातील आकडा तसाच स्वीकारता येत नाही. गोव्यातील मोरजी येथे किंवा तमिळनाडूतील रामेश्वरम येथे हा खेळ खेळला जातो. तेथे ५५ किलोग्रॅमच्या शिकाऊ व्यक्तीने ७५ किलोग्रॅमसाठीचे कोष्टक वाचल्यास तिच्या हाती गरजेहून एकतृतीयांशाहून अधिक मोठा पतंग येईल. कोष्टक चुकीचे नसते, ते दुसऱ्याच्या देहासाठी केलेले असते.

स्पर्धेच्या क्षेत्रात हाच प्रश्न उलट बाजूने पुढे येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइट शर्यतीचा प्रथमच समावेश झाला. मार्सेय येथे झालेल्या या शर्यतींत पुरुष गटात ऑस्ट्रियाचे व्हॅलेंटिन बोन्टस आणि महिला गटात ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्णपदक मिळविले. पुरुष व महिला असे दोन गट असले, तरी कुस्ती अथवा मुष्टियुद्धाप्रमाणे वजनगट या खेळात नाहीत. भरपूर वाऱ्यात वजनदार खेळाडूस मोठा पतंग पेलता येतो आणि त्यातून अधिक वेग मिळतो. अतिमंद वाऱ्यात हलक्या खेळाडूचा लाभ होतो. मनोरंजनात धोक्याचे माप असलेले वजन स्पर्धेत अशा रीतीने सामर्थ्याचे माप ठरते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) एकोणिसाव्या शतकातील प्रयोगांत देह हे मुख्यतः पतंगाने वाहावयाचे ओझे होते. काइटसर्फिंगमध्ये तो ओढीस तोलणारा प्रतिभारही झाला आणि त्यामुळे देहभार आकारनिश्चितीचे मुख्य माप बनला.

(२) रूढ ठोकताळा तात्त्विक सूत्र नसून अनुभवाचा संक्षेप आहे. पतंग हाताळण्याचे कौशल्य त्यात गृहीत असल्याने तो नवशिक्यास जसाच्या तसा लागू करता येत नाही.

(३) २००५ नंतरच्या रचनेने आकाराच्या निवडीतील चूक काही अंशी सौम्य केली. तथापि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हा नियम कोणत्याही रचनेने बदललेला नाही.

(४) कोष्टकातील प्रमाण देह हा सर्वांचा देह नव्हे. म्हणून आकार निवडताना स्वतःचे वजन, त्या किनाऱ्यावरील वाऱ्याचे झोत आणि स्वतःचे कौशल्य या तिन्हींचा एकत्र विचार आवश्यक ठरतो.

स्मीटनच्या गुणकावर विसंबलेल्या राइट बंधूंना प्रत्यक्ष वजन वाऱ्यावर तोलताना तो तपासून घ्यावा लागला. पतंगावर छापलेला आकडाही वापरणाऱ्याने स्वतःच्या देहावर असाच तपासून घ्यावयाचा असतो, हे या दोनशे वर्षांच्या इतिहासाचे सार म्हणता येईल.